साठ लाखांच्या ट्रस्टमधून दरवर्षी किती मुलं शिकतील?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते. वडिलांचा शिरोली एमआयडीसीत छोटा कारखाना होता. मृत्युपत्रात त्यांनी ६० लाख रुपये गरीब मुलांच्या शिक्षणासाठी ठेवले आणि "रक्कम सुरक्षित ठिकाणी ठेवून व्याजातून मदत करावी" असं लिहिलं. तुम्ही ट्रस्ट नोंदवला, १२ए (ट्रस्टच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदारांना करसवलत) दोन्ही मिळवली. आता दरवर्षी २० मुलांना प्रत्येकी २० हजार द्यायचे आहेत. बँक ७ टक्के देते, म्हणजे ४ लाख २० हजार व्याज. चुलतभाऊ संचालक असलेली पतसंस्था ९ टक्के देते, म्हणजे ५ लाख ४० हजार. "फरक सहा मुलांचा आहे, मग पैसे कुठे ठेवू?" असं तुम्ही विचारलंय.

मी बँकेतून निवृत्त झाले आणि गेली सतरा वर्षं कोल्हापुरातल्या एका शिक्षण ट्रस्टची खजिनदार आहे. तुमच्या प्रश्नातला "कुठे ठेवू" हा भाग पंधरा मिनिटांत सुटतो. अवघड भाग त्याआधीच्या वाक्यात आहे: "दरवर्षी २० मुलांना". याचे दोन अर्थ होतात आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ट्रस्टकडून कधीही बघितलं तर एकूण २० मुलं शिकत असतील, हा एक अर्थ. दरवर्षी नवी २० मुलं घ्यायची, हा दुसरा. इंजिनिअरिंग चार वर्षांचं, बी.फार्म. चार वर्षांचं. पहिल्या वर्षी मदत देऊन दुसऱ्या वर्षी हात वर करता येत नाहीत. निदान मला तरी ते जमलेलं नाही. म्हणजे दरवर्षी नवी २० घेतली तर चौथ्या वर्षी ८० मुलं तुमच्या वहीत असतील आणि १६ लाख लागतील. व्याज मात्र तेच ४ लाख २०. माझ्या ओळखीच्या एका छोट्या ट्रस्टनं नेमकं हेच केलं. पहिल्या वर्षी हार-तुरे, पेपरात फोटो. तिसऱ्या वर्षी मुलांना "या वेळी जमणार नाही" असं फोनवर सांगायची वेळ आली, आणि ते सांगायला कोणताच विश्वस्त तयार होईना. शेवटी ऑफिसातल्या कारकुनानं फोन केले.

म्हणून माझ्या हिशोबात शिष्यवृत्ती हा खर्च नसून देणं आहे. जून महिन्यात मंजुरीच्या पत्रावर सही केली की चार वर्षांचं देणं डोक्यावर बसतं. गुंतवणूक त्या देण्याकडे बघून करायची असते, व्याजदराकडे बघून नाही.

आता आकडे मांडू. ६० लाखांचं ७ टक्क्यांनी ४ लाख २० हजार. आयकराच्या नियमाप्रमाणे यातले ८५ टक्के त्याच वर्षी ट्रस्टच्या उद्देशावर खर्च व्हायला हवेत. १५ टक्के, म्हणजे ६३ हजार, कोणतीही अट न पाळता मागे ठेवता येतात. ऑडिट, थोडी स्टेशनरी, एखादा अर्धवेळ माणूस, बँकेचे किरकोळ चार्ज धरून वर्षाला ३० हजार तरी जातात. शिष्यवृत्तीला उरले ३ लाख २७ हजार. वीस हजारांप्रमाणे एका वेळी सोळा मुलं. चार वर्षांचा अभ्यासक्रम धरला तर दरवर्षी नवी फक्त चार. वीस नाही, चार.

हा आकडा बघून तुम्हाला पतसंस्थेचे ९ टक्के आणखीच गोड वाटतील, म्हणून आधी तेच मिटवते.

दोन कायदे लक्षात ठेवा. पहिला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चा. त्याचं कलम ३५ ट्रस्टचे पैसे कुठे ठेवायचे ते सांगतं: सरकारी रोखे, शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या) बँका, पोस्टाची बचत बँक, शासनानं मान्य केलेल्या सहकारी बँका वगैरे. त्याबाहेर जायचं असेल तर धर्मादाय आयुक्तांचा सर्वसाधारण किंवा विशेष आदेश लागतो. दुसरा आयकराचा. त्यातली कलम ११(५) ची, म्हणजे ट्रस्टनं पैसे कुठे ठेवायचे याची यादी प्रत्येक ट्रस्टच्या सीएला पाठ असते. (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदललेत. सगळ्यांच्या तोंडी बसलेत म्हणून मी इथे जुनेच क्रमांक वापरतेय.) त्या यादीत बँकिंग व्यवसाय करणारी सहकारी संस्था आहे. पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्याकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि तिच्या ठेवींना ठेव विमाही नसतो. यादीबाहेर पैसे ठेवले की त्या उत्पन्नावरची करसवलत जाते आणि ३० टक्क्यांनी कर बसतो. म्हणजे ५ लाख ४० हजारांतले १ लाख ६२ हजार करातच गेले आणि हातात ३ लाख ७८ हजार आले, बँकेच्या ४ लाख २० पेक्षा कमी. सहा मुलं वाढायची राहिली बाजूला, दोन कमीच झाली. पत्रव्यवहार आणि नोटिसांचा मनस्ताप वेगळा.

दुसरी गोष्ट, चुलतभाऊ संचालक आहेत. भावकीत पैसे ठेवले आणि पुढे काही झालं तर प्रश्न पैशापुरता राहत नाही. आयकराच्या कलम १३ मध्ये विश्वस्त, देणगीदार आणि त्यांच्या नातेवाइकांना ट्रस्टच्या पैशातून फायदा होऊ नये अशी तरतूद आहे. पतसंस्थेत ठेव ठेवली म्हणून त्यात अडकालच असं मी म्हणत नाही, पण ऑडिटरला प्रश्न विचारायला कारण का द्यायचं? चुलतभावाला सरळ सांगा, "दादा, कायद्यात बसत नाही, माझ्या हातात नाही." यात खोटं काही नाही आणि नातंही टिकतं.

सहकारी बँकांचं काय, हा पुढचा प्रश्न येणारच, कारण कोल्हापुरात प्रत्येक घराची एक सहकारी बँक असते. कायद्यात त्या बसतात. पण ठेव विमा ४ फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंतच आहे. मुद्दल आणि व्याज मिळून, सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र धरून. त्याआधी तो १ लाख होता. ट्रस्टचं ५ लाखांवरचं सगळं बिनविम्याचं असतं.

आमच्यावर हे गुदरलंय. आमच्या ट्रस्टचं बचत खातं एका सहकारी बँकेत होतं. अध्यक्षांची ओळख होती, शाखा ऑफिससमोर, मॅनेजर चहा पाजायचा. एफडी दुसरीकडे होत्या, पण व्याज याच खात्यात यायचं आणि शिष्यवृत्तीचे चेक याच खात्यातून जायचे. जूनमध्ये बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि खात्यातले पैसे अडकले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गगनबावड्याच्या बाजूचे एक गृहस्थ ऑफिसात आले. बाहेर धो धो पाऊस. त्यांनी शर्टाच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात कॉलेजचं फीचं पत्र आणि आमचा परत आलेला चेक, दोन्ही घडी करून नीट ठेवलेले. त्यांनी तक्रार अजिबात केली नाही. "मॅडम, यावर परत सही करायची ऱ्हायली असंल," एवढंच म्हणाले. त्यांना वाटलं चूक सहीची आहे. त्या महिन्यात आम्ही पाच विश्वस्तांनी घरचे पैसे घातले, ठराव करून ते ट्रस्टकडे बिनव्याजी तात्पुरते म्हणून दाखवले आणि अकरा मुलांची फी भरली. खात्यात ३ लाख ४० हजार होते. ती रक्कम फार मोठी नव्हती, पण फीची तारीख निर्बंध उठायची वाट बघत नाही.

तेव्हापासूनचा आमचा नियम साधा आहे. ज्या खात्यातून मुलांना पैसे जातात ते खातं मोठ्या बँकेत. बुडायला द्यायचीच नाही म्हणून रिझर्व्ह बँक ज्यांच्यावर जादा लक्ष ठेवते अशा बँका स्टेट बँक, एचडीएफसी आणि आयसीआयसीआय या तीन आहेत. त्यांपैकी कोणतीही घ्या. सहकारी बँकेत ठेवायचंच असेल तर एका बँकेत साडेचार लाखांच्या आत, म्हणजे व्याज धरूनही ५ लाख ओलांडत नाहीत.

एफडी कशी करायची यावर थोडं सविस्तर सांगते, कारण नुकसान इथंच गुपचूप होतं.

साठ लाखांची एकच पावती करू नका. बारा-बारा लाखांच्या पाच पावत्या करा, एक, दोन, तीन, चार आणि पाच वर्षांच्या. दरवर्षी एक सुटेल, ती पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवायची. आमच्या आधीच्या खजिनदारांनी सगळी रक्कम एकाच दिवशी, एकाच मुदतीला ठेवली होती. ती सगळी २०२० मध्ये एकदम सुटली. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४ टक्क्यांवर आणला होता आणि स्टेट बँक पाच वर्षांच्या ठेवीला ५.४० टक्के देत होती. आमच्या जुन्या पावत्या सव्वासात टक्क्यांच्या होत्या. एका झटक्यात चौथा हिस्सा उत्पन्न गेलं, तेही नेमकं अशा वर्षी की मुलांच्या घरचे कामधंदे बंद. पावत्यांच्या मुदती विभागलेल्या असत्या तर त्या वर्षी फक्त पाचव्या हिश्श्याला फटका बसला असता.

पावत्या मे महिन्यात सुटतील अशा करा. प्रवेशाच्या फेऱ्या आणि फीची घाई जुलै-ऑगस्टमध्ये असते. पावती ऑक्टोबरमध्ये सुटली तर पैसे असूनही नसल्यासारखे. ऑटो रिन्युअल बंद ठेवा, नाहीतर बँक तुम्हाला न विचारता त्याच मुदतीला पुन्हा ठेवून टाकते. क्युम्युलेटिव्ह पावती घेऊ नका. तिचं व्याज हातात येत नाही, पण मर्कंटाइल पद्धतीनं (पैसे हातात येण्याआधीच देय झालेलं उत्पन्न लिहून) हिशोब ठेवत असाल तर ते त्या वर्षीच्या उत्पन्नात धरलं जातं आणि ८५ टक्क्यांचा नियम त्यालाही लागू होतो. न आलेले पैसे खर्च कुठून करणार? व्याज तिमाही किंवा वार्षिक हातात येईल अशीच पावती घ्या.

बँक टीडीएस कापते. तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरल्यावर, महिन्यांनी. पहिल्याच वर्षी रोखीचा हिशोब करताना हे विसरलं तर दोन-तीन मुलांचे पैसे अडकतात. टीडीएस कमी कापण्याचा आयकर खात्याचा दाखला काढता येईल का, ते सीएला वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा.

आणि पावती ट्रस्टच्या नावानं, ट्रस्टच्या पॅनवर. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण जुन्या ट्रस्टांच्या कपाटात "अमुक तमुक, विश्वस्त" अशा वैयक्तिक नावाच्या पावत्या मी स्वतः बघितल्यात. तो विश्वस्त वारला की त्या वारसांशी बोलून सोडवाव्या लागतात. बँकेत सह्यांचा नियम "तिघांपैकी कोणतेही दोन" असा ठेवा, तिन्ही घरचेच नकोत.

आता महागाई. हा विषय मिटिंगमध्ये काढला की सगळे घड्याळाकडे बघतात.

६ टक्के महागाई धरली तर बारा वर्षांत किमती दुप्पट होतात. म्हणजे आज वीस हजारांत जे भागतं त्याला बारा वर्षांनी चाळीस हजार लागतील, तुमचं व्याज मात्र साधारण तिथंच असेल. कागदावर मुद्दल एक पैसाही कमी झालेलं नसेल. ताळेबंदात ६० लाख तसेच दिसतील, ऑडिटर शेरा मारणार नाही, आणि ट्रस्ट निम्मा झालेला असेल.

अल्फ्रेड नोबेल यांच्या मृत्युपत्रातही तुमच्या वडिलांसारखंच "सुरक्षित रोख्यांत ठेवा" असं होतं. विश्वस्तांनी त्याचा अर्थ सरकारी रोखे असा घेतला. १९०१ मध्ये पारितोषिक १,५०,७८२ क्रोनर होतं. पुढे महागाई आणि करांनी त्याची किंमत इतकी खाल्ली की १९४६ मध्ये करमाफी मिळाली आणि १९५३ मध्ये शेअरमध्ये गुंतवणुकीला परवानगी मिळाली, तरी पारितोषिकाचं मूळचं मोल परत यायला १९९१ उजाडलं. इतक्या मोठ्या निधीचं हे, आपल्या साठ लाखांचं काय?

तुम्ही म्हणाल, मग व्याजातला थोडा भाग दरवर्षी मुद्दलात टाकू. नेमकी इथं गाठ आहे. महागाई ५ टक्के धरली तरी ६० लाखांचं मोल टिकवायला वर्षाला ३ लाख मुद्दलात पडायला हवेत. कायदा ८५ टक्के खर्च करायला लावतो, म्हणून मागे ठेवता येतात फक्त ६३ हजार. आयकर खात्याचा फॉर्म भरून जास्त रक्कम पाच वर्षांपर्यंत साठवता येते, पण ती ठरावीक कामासाठी, आणि शेवटी खर्च करावीच लागते. इमारत बांधायची असेल तर ठीक, मुद्दल वाढवायला तिचा उपयोग नाही.

मग तीन वाटा उरतात आणि तिन्ही मी जवळून बघितल्यात.

पहिली, दरवर्षी कायम निधीसाठी, म्हणजे थेट मुद्दलात जमा होणाऱ्या, नव्या देणग्या आणायच्या. तुमच्या बाबतीत वर्षाला साधारण २ लाख ३७ हजार. ऐकायला जड वाटतं, पण कोल्हापुरात अशक्य नाही. आमच्याकडे सर्वांत जास्त देणग्या एकसष्टीला, आईवडिलांच्या पुण्यतिथीला आणि मुलाच्या पहिल्या पगाराला येतात. देणगीदाराकडून "ही रक्कम ट्रस्टच्या कायम निधीत जमा करावी" असं लेखी घ्यायला विसरू नका. तसं पत्र नसेल तर ती देणगी त्या वर्षाचं उत्पन्न ठरते आणि तिच्यातलेही ८५ टक्के खर्च करावे लागतात. कायम निधी स्वतंत्र ओळखू येईल अशा मान्य गुंतवणुकीतच ठेवायचा. आम्ही पावतीवरच "कायम निधी" असा शिक्का मारतो आणि रजिस्टरला पावतीचा नंबर लिहितो. आणि कायम निधीतून शिष्यवृत्ती दिलीत तर तो खर्च ८५ टक्क्यांत धरला जात नाही, हे लक्षात असू द्या.

दुसरी वाट, थोडा भाग वाढणाऱ्या गुंतवणुकीत. आयकराच्या नियमांत ट्रस्टला म्युच्युअल फंड चालतात. थेट खासगी कंपनीचे शेअर चालत नाहीत. पण आयकरात चाललं म्हणजे धर्मादाय कायद्यात आपोआप चाललं असं नाही, आणि ही चूक मुंबईच्या सल्लागारांकडूनही होते. कलम ३५ पुढे ठेवून वकिलाला विचारा आणि गरज असेल तर आधी परवानगी घ्या. फायदा असा की ग्रोथ पर्यायातली (नफा वाटून न देता फंडातच ठेवला जातो त्यातली) वाढ युनिट विकेपर्यंत उत्पन्नात येत नाही, म्हणजे तिच्यावर ८५ टक्क्यांचं ओझं नाही. तोटा असा की त्या पैशाचं व्याज नाही. साठातले दहा लाख तिकडे वळवले तर व्याज ३ लाख ५० हजार होतं, १५ टक्के आणि खर्च वजा जाता २ लाख ६७ हजार उरतात. सोळाच्या जागी तेरा मुलं. आजची तीन मुलं कमी करून दहा वर्षांनंतरची जास्त मुलं घ्यायची, असा हा सौदा आहे.

आणि विश्वस्तांची छाती बघूनच हे करायचं. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या घरात गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये ९ हजारांच्या खाली होता. अशा वेळी मिटिंगमध्ये एकजण उठून "गरिबांचे पैसे सट्ट्यात घातले" म्हणतो, सगळे घाबरतात आणि तळाला विक्री होते. दहा वर्षं त्याकडे बघायचंच नाही असा ठराव लिहून सगळ्यांच्या सह्या होत नसतील, तर या वाटेला जाऊच नका. आमच्या ट्रस्टमध्ये परवानगी घेऊन सहावा हिस्सा ठेवलाय. त्यापेक्षा जास्त ठेवला तर मला झोप लागणार नाही.

तिसरी वाट कोणी बोलून दाखवत नाही: ट्रस्ट अमर नसला तरी चालतो. पंचवीस वर्षांत पैसे संपवायचे ठरवलं तर आज जास्त मुलं शिकतील. पण तुमच्या वडिलांनी "व्याजातून" असं लिहिलंय, त्यामुळे मुद्दलाला हात लावता येईल का हे मृत्युपत्र आणि ट्रस्ट डीड वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. इथं मी अंदाज करत नाही.

मुलांना काय द्यायचं हा विषय गुंतवणुकीचा नाही असं वाटेल, पण माझ्या अनुभवात एका रुपयात किती मुलं शिकतात हे व्याजदरापेक्षा यावरच जास्त ठरतं.

बहुतेक ट्रस्ट फी देतात. पण राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे, आणि २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अशा मुलीला तुम्ही फीसाठी वीस हजार दिलेत तर तुम्ही सरकारचे पैसे वाचवलेत. तिला खरी अडचण मेसची, खोलीभाड्याची, एसटीच्या पासाची आणि लॅपटॉपची आहे. अर्जात आम्ही महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज करायच्या संकेतस्थळाचा, एक रकाना वाढवला: "महाडीबीटीवर अर्ज केला आहे का? काय मंजूर?" त्या एका रकान्यानं पहिल्याच वर्षी आमचे एक लाखाच्या वर पैसे मोकळे झाले.

दुसरी अडचण उशिराची. सरकारी पैसे मंजूर असतात पण कॉलेज आधी भरायला सांगतं. तिथं आम्ही परतफेडीची मदत देतो, बिनव्याजी, पैसे आले की परत. आयकराच्या दृष्टीनं दिलेली रक्कम त्या वर्षीचा खर्च धरली जाते आणि परत आली की त्या वर्षीचं उत्पन्न. तीच रक्कम दर दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या मुलाला जाते. वसुलीची भीती सगळ्यांना वाटते. आमचा अनुभव असा की पोरं पैसे बुडवत नाहीत, विसरतात. दर तीन महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर "नोकरी कशी आहे?" असा मेसेज केला की पुरतं. पैशाचा उल्लेखही करावा लागत नाही.

आणखी तीन बारीक गोष्टी, घाईत.

दुसऱ्या संस्थेला, समजा गावच्या शाळेला ग्रंथालयासाठी अनुदान द्यायचं असेल आणि ती संस्थाही नोंदणीकृत ट्रस्ट असेल, तर दिलेल्या रकमेचे ८५ टक्केच तुमचा खर्च म्हणून धरले जातात. लाखाला ८५ हजार. ८५ टक्के काठावर जमवत असाल तर यात फसाल.

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलाला मदत करायची असेल तर आधी सीएला विचारा. उत्पन्न भारतात खर्च व्हायला हवं अशी अट आहे आणि तिथं वाद होतात.

समाजापुरती शिष्यवृत्ती ठेवायचा विचार असेल तर थांबा. १९०१ मध्ये मराठा आणि जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क अशी वसतिगृहं शाहू महाराजांच्या काळात उभी राहिली. एकेका समाजाला शिक्षणात आणायची ती युक्ती होती, आणि जागा व दरसालची मदत देऊन महाराजांनी ती टिकवली. ते बघून आजही कोल्हापुरात "आमच्या समाजाच्या मुलांसाठी" असं डीडमध्ये सहज लिहिलं जातं. पण १ एप्रिल १९६२ नंतर एका विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या फायद्यासाठी स्थापन झालेल्या धर्मादाय ट्रस्टला आयकराची सवलत मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुलं यांच्यासाठीचे ट्रस्ट त्याला अपवाद आहेत. तुमच्या प्रश्नात फक्त "गरीब मुलं" आहे. ते तसंच राहू द्या.

तुमच्या जागी मी असते तर पहिल्या वर्षी चारच मुलं घेतली असती, प्रत्येकी पंचवीस हजारांनी. एक लाख. दोन वर्षांत मुलं कशी येतात, कुणाची कुठे अडते ते कळतं. उरलेल्या सव्वादोन लाखांपैकी मोठा भाग परतफेडीच्या मदतीत फिरवला असता, म्हणजे ८५ टक्क्यांचा नियमही सांभाळला जातो. आणि १५ टक्क्यांतले ६३ हजार दरवर्षी बाजूला टाकत वर्षभराच्या शिष्यवृत्तीइतकी राखीव रक्कम आधी उभी केली असती. आमच्यासारखं खातं गोठलं किंवा २०२० सारखे दर पडले तर त्या राखीव रकमेतून घेतलेल्या मुलांचं वर्ष तरी पार पडतं. नव्या मुलांची संख्या तिसऱ्या वर्षी वाढवायची की नाही ते तेव्हा बघता येतं.

यातलं बरंच तुमच्या कागदांवर अवलंबून आहे. मृत्युपत्रातलं ते वाक्य, ट्रस्ट डीडमधलं गुंतवणुकीचं कलम आणि उद्देशाचं कलम, एवढं नावं खोडून इथं टाका. आणि पावत्या अजून केल्या नसतील तर या आठवड्यात निदान बचत खातं तरी मोठ्या बँकेत उघडून घ्या, विश्वस्तांचा ठराव आणि ट्रस्टचा पॅन घेऊन गेलात तरी केवायसीला दोन-तीन हेलपाटे होतातच.